तलवारीचे नाव मुठीच्या आत

दिवाळीची साफसफाई जुन्या वस्तूंच्या जिवावर उठलेली असते. माळ्यावरचे पितळी डबे खाली येतात, आजोबांच्या ट्रंकेला ऊन दाखवले जाते, आणि वर्षभर कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेली एखादी वस्तू एकाएकी ‘अडगळ’ ठरते. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे, की मला जुन्या हत्यारांचा नाद आहे. आमच्या घरातून या नादाला ‘भंगाराची भक्ती’ असे नाव पडले आहे, पण ते असो. सांगायचे ते हे, की नवरात्र जवळ आले म्हणजे मला हटकून विचारणा होऊ लागते : “आमच्याकडे एक जपानी तलवार आहे. आजोबांनी लढाईतून आणलेली. सामुराईची आहे म्हणतात. किती जुनी असेल, आणि विकली तर काय येईल?”

किती जुनी, ते पाहून सांगता येते. काय येईल, ते मी सांगत नाही, तो बाजार माझा नव्हे. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाही : ही तलवार होती कोणाची? यंदा त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. मात्र तिथवर पोचायला आधीच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतील.

जपानी तलवार मराठी घरात आली कशी, हे कोडे मुळीच अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुलखातली मुले ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाक येथे जपान्यांना थोपवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. पुढे ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा एक वाद निघाला. जपानी अधिकाऱ्यांकडून समारंभाने तलवारी घ्याव्यात की नाही? जनरल मॅकआर्थरना ही रीत जुनाट वाटे. ब्रह्मदेशात चौदाव्या सैन्याचे नेतृत्व केलेल्या जनरल स्लिमचे मत अगदी उलट. अधिकाऱ्याने स्वतःच्या शिपायांदेखत तलवार खाली ठेवली, तरच पराभव खरा झाला असे सर्वांना पटेल, असे त्यांचे म्हणणे. आग्नेय आशियात स्लिमचेच म्हणणे चालले. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावला फील्डमार्शल तेराउचींनी माउंटबॅटनच्या हाती आपल्या दोन तलवारी दिल्या. क्वालालंपूरला जपानी अधिकारी पंचविसाव्या हिंदी डिव्हिजनपुढे तलवारी ठेवीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. अशा जमा झालेल्या तलवारींपैकी पुष्कळ आठवण म्हणून वाटल्या गेल्या. काही रणांगणावर हाती लागल्या. त्यांतल्या काही बोटीने, आगगाडीने आणि शेवटी बैलगाडीने आपल्या गावच्या देवघरापर्यंत आल्या.

आता पहिली पायरी. तलवार हाती आली की लोक पाहतात ती मूठ आणि म्यान. ती पाहावीच, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. आपल्याकडची ‘फिरंग’ आठवा. पाते युरोपातले आणि मूठ इथल्या कारागिराची. जपानी लष्करी तलवारीतही पाते आणि साज यांची जन्मकुंडली वेगवेगळी असू शकते.

१८७६ साली जपानच्या मेइजी सरकारने हुकूम काढून सामान्य सामुराईला चारचौघांत तलवार बाळगायची बंदी केली. सैन्यात आणि पोलिसांत तलवार राहिली, पण ती पाश्चात्त्य धर्तीची, बोटांवरून कमान आलेल्या मुठीची. तिला क्यू-गुन्तो, म्हणजे जुनी लष्करी तलवार, म्हणतात. पुढे १९३४ साली राष्ट्राभिमानाच्या लाटेत लष्कराने पूर्वजांच्या तलवारीचा घाट पुन्हा आणला. ही शिन-गुन्तो, नवी लष्करी तलवार. मुठीवर पाकट माशाचे खरखरीत पांढरे कातडे, त्यावर तिढे घालून गुंडाळलेली फीत, आणि साजावर चेरीची फुले. म्यान बहुधा तपकिरी किंवा हिरवट रंगाच्या पत्र्याचे. लढाईच्या धामधुमीत वापरायचे म्यान पुष्कळदा लाकडी, वर चामड्याची खोळ. १९३७ साली नौदलानेही आपली तलवार ठरवली. तिचे म्यान काळ्या लाखेचे असते, नाही तर माशाच्या घोटलेल्या कातड्याचे.

मुठीला गोंडा शाबूत असेल तर धन्याचा दर्जा कळतो. लष्करात तपकिरी-निळा गोंडा कॅप्टन व त्याखालच्या अधिकाऱ्याचा, तपकिरी-लाल मेजर ते कर्नलचा, आणि त्यात सोनेरी वीण आली की तो जनरलचा. अर्थात गोंडा बदलायला दोन मिनिटे लागतात, हे विकणाऱ्यांना आपल्याआधी माहीत असते. मुठीच्या टोकावर एखादे लहानसे चांदीचे कुलचिन्ह दिसले, तर मात्र थांबून पाहावे. अशा साजात कधी कधी घराण्यातले पिढीजात पाते बसवलेले निघते.

आपल्याकडे पुष्कळदा दिसते ती हवालदार दर्जाच्या अंमलदारांची, १९३५ साली ठरवलेली तलवार. तिची मूठ लांबून फीत गुंडाळल्यासारखी दिसते, पण ती सगळी ओतीव धातूची. सुरुवातीला तांब्याची होती, पुढे ॲल्युमिनियमची करून वर रंग दिला, आणि लढाईच्या अखेरीस धातू आटला तेव्हा साध्या लाकडाची. तांब्याच्या मुठीच्या थोड्या झाल्या, म्हणून त्यांना शौकिनांत मान आहे. हिचे पाते यंत्रावर केलेले, बाजूने लांब पन्हळ पाडलेली, आणि मुठीजवळ पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला. म्यानावरही क्रमांक असतो. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. या तलवारीच्या नकला हल्ली बाजारात इतक्या आहेत, की पितळेची चकचकीत मूठ आणि वाकडेतिकडे खोदलेले आकडे दिसले तर खिशावरचा हात काढू नये.

आता दुसरी पायरी, आणि खरी गंमत इथेच आहे. अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ पात्याला चिकटवलेली नसते. मुठीतून आरपार गेलेली बांबूची एक खुंटी, क्वचित दोन खुंट्या, सगळा संसार धरून ठेवतात. खुंटीला जपानी भाषेत मेकुगी म्हणतात. ती हलकेच ठोकून काढली, की मूठ निसटते आणि पात्याची शेपटी उघडी पडते. हिचे नाव नाकागो. हातात धरणाऱ्या माणसाच्या नजरेला कधी न पडणाऱ्या या जागेवर लोहाराने आपले नाव कोरलेले असते. जगाला दाखवायचे ते पाते, आणि नाव मात्र मुठीच्या अंधारात.

नाव असेलच असे नाही. जुने लांब पाते कापून आखूड केले असेल, तर नाव त्या तुकड्याबरोबर गेलेले असते, आणि एकाऐवजी दोन-तीन भोके दिसतात. एका बाजूला नाव असेल तर दुसऱ्या बाजूला कधी कधी तारीख असते. ती वाचायला जपानी पंडित व्हावे लागत नाही. एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, आणि दहा म्हणजे आपले अधिकाचे चिन्ह. शोवा राजवटीचे वर्ष कळले की त्यात १९२५ मिळवावे. शोवा अठरा म्हणजे १९४३.

यानंतर पाहायचे ते बारीक ठसे. गिफू प्रांतातले सेकी हे गाव शतकानुशतके पात्यांसाठी प्रसिद्ध. लढाईत तिथे पाती घाऊक झाली. त्यांच्या शेपटीवर ‘सेकी’ किंवा ‘शो’ या अक्षराचा इवलासा शिक्का असतो. हा शिक्का दिसला की समजावे, पाते जुन्या विधीने घडवलेले नाही. तयार पोलादाचे आहे आणि बहुधा तेलात विझवलेले आहे. पाच टोकांची चांदणी असेल तर गोष्ट वेगळी. ती लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराची खूण. लोखंडी वाळूपासून काढलेले परंपरेचे पोलाद घड्या घालघालून ठोकायचे, पात्यावर मातीचा लेप द्यायचा आणि लाल करून पाण्यात विझवायचे, हा जुना विधी अशा पात्यात सहसा पाळलेला असतो. त्यातूनच धारेलगत हामोन नावाची धुक्यासारखी रेघ उमटते. नकली पात्यावर ही रेघ तेजाबाने काढतात. ती चुन्याच्या पट्ट्यासारखी सपाट दिसते. खोलीतला एकच दिवा ठेवून पाते तिरपे धरले, की फरक हळूहळू डोळ्यांत भरतो.

टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ पासून लढाई संपेपर्यंत एक भट्टी चालली. तिथली सुमारे आठ हजार पाती शौकीन लोक शोधत असतात. आणि दक्षिण मांचुरियाच्या रेल्वे कंपनीने दाइरेन येथे आपल्या पोलादाची पाती केली, हे ऐकून आमच्या शेजारचे रेल्वेतले पेन्शनर फार खूश झाले. थंडीतही न मोडणारी म्हणून त्या पात्यांची ख्याती होती.

या सगळ्या खुणा शेपटीवर असतात, आणि शेपटी असते गंजलेली. तो गंजच तिचे वय सांगतो. जुन्या शेपटीचा गंज काळसर, घट्ट, घोटल्यासारखा. नव्याचा तांबडा आणि हाताला लागणारा. आता आपल्याकडे काय होते? खंडेनवमीला शस्त्रे पूजेला निघतात, आणि आदल्या दिवशी एखादी उत्साही सून किंवा नातू चिंच, राख आणि काथ्या घेऊन बसतो. तास-दीड तासात पाते भांड्यासारखे लखलखते, आणि ऐंशी वर्षांचा, क्वचित चारशे वर्षांचा पुरावा मोरीतून वाहून जातो. वरून ओल्या हळदीकुंकवाची बोटे. हातच्या घामानेसुद्धा पाते डागते, तिथे ओल्या कुंकवाची काय कथा! पूजा जरूर करावी. कुंकू म्यानाला लावावे, पात्याला नको. जपानी लोक पात्याला हलक्या तेलाचा पुसट हात देतात आणि त्या तेलाला वास असतो लवंगेचा. आपल्या घराला काही तो परका नाही.

आता तिसरा प्रश्न.

सातारा जिल्ह्यातले मूळ असलेले एक कुटुंब पुण्यात राहते. त्यांच्या नातवाने मला बोलावले. तलवारीवर निकेल चढवून ती काचेच्या पेटीत दिवाणखान्यात लावायची होती. त्याआधी ‘एकदा दाखवून घ्यावी’ एवढी सुबुद्धी त्याला झाली. पणजोबा मराठा पलटणीत जमादार होते, ब्रह्मदेशातून मलायात गेले होते. घरची कथा अशी, की त्यांनी एका जपानी अधिकाऱ्याला समोरासमोर ठार करून ही तलवार घेतली. नातवाने ती कथा शाळेत असताना निबंधात लिहून बक्षीसही मिळवले होते.

जमादारांची थोरली सून, म्हणजे नातवाची आजी, ब्याऐंशी वर्षांची. ती कोपऱ्यात वाती वळत बसली होती.

चामड्याची खोळ घातलेले म्यान, तपकिरी-निळा गोंडा. म्हणजे कॅप्टन किंवा त्याखालचा. खुंटी काढली, मूठ उतरवली. शेपटीवर लोहाराचे नाव होते आणि वर सेकीचा बारीक ठसा.

“म्हणजे काका, खरी नाही?” नातवाचा चेहरा उतरला.

“खरी आहे. लढाईतल्या बहुतेक अशाच होत्या. सामुराईची नाही इतकंच.”

एवढ्यात माझे लक्ष म्यानाच्या कडीला सुतळीने बांधलेल्या लाकडाच्या एका चपट्या पट्टीकडे गेले. बोटभर रुंद, धुराने काळवंडलेली. घरचे तिला दुकानाची चिठ्ठी समजत. निकेलवाल्याकडे नेण्याआधी ती कापून टाकायची ठरलेच होते. मी पट्टी खिडकीशी नेली. तिच्यावर शाईची उभी अक्षरे होती.

पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांना तोटा नाही. परिचयाच्या एका बाईंना फोनवर पट्टीचे छायाचित्र पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आले. हुद्दा : कॅप्टन. मग आडनाव. मग प्रांताचे आणि गावाचे नाव. स्वतःच्या नावाचे शेवटचे अक्षर तेवढे पुसले होते.

मी नातवाला समजावून सांगितले. शरणागतीच्या वेळी कित्येक जपानी अधिकाऱ्यांनी तलवार देताना तिला आपले नाव-गाव लिहून असली पट्टी बांधली. कधी तरी परत मिळेल या आशेने. मेलेल्या माणसाच्या तलवारीला ही पट्टी कोण बांधणार?

आजीच्या हातातली वात थांबली. “म्हणजे भाऊ, मामंजींनी मारला नव्हता त्याला?”

“पट्टी तरी तसंच सांगते, आजी. त्यानं जिवंतपणी, आपल्या हातानं दिलेली दिसते.”

“मामंजी कधी बोललेच नाहीत हो. लोक म्हणायचे, तेव्हा उठून आत जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस मारल्याचं मनाला लागलंय.” मग थोड्या वेळाने, “दर खंडेनवमीला मी एक फूल जास्त वाहायची. त्या मेलेल्याच्या नावानं. नाव तर ठाऊक नव्हतं.”

नातू काही बोलला नाही. त्याच्या निबंधातला वीर त्या दुपारी थोडा लहान झाला असेल. मला मात्र जमादार मोठे वाटले. जपानी तलवारीखाली चीन, मलाया, ब्रह्मदेशात किती कैदी आणि निरपराध माणसे गेली, हे इतिहासात नोंदलेले आहे. ते पाहून आलेल्या शिपायाने शत्रूच्या नावाची पट्टी तोडून फेकली असती, तर कोणी बोल लावला नसता. त्याने ती चाळीस वर्षे तशीच राहू दिली.

“मग त्याची त्याला देऊन टाका,” आजी म्हणाली. “तो नसेल तर त्याच्या लेकरांना.”

इथे सेकीचा तो ठसा आडवा आला. लढाईनंतर अमेरिकन ताबेदारांनी जपानमधली हत्यारे जप्त केली. पाती ढिगाने नष्ट झाली. होन्मा जुन्जी नावाच्या जाणकाराने कर्नल कॅडवेल या अमेरिकन अधिकाऱ्याला पटवून कलावस्तू ठरणाऱ्या तलवारी वाचवल्या. टोकियोच्या आकाबाने डेपोतल्या ढिगातून सुमारे साडेपाच हजार निवडून निघाल्या. सगळ्यांचे नशीब एवढे नव्हते. तोकुगावा घराण्याकडची ‘होन्जो मासामुने’ ही राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार १९४५ च्या डिसेंबरात पोलीस ठाण्यात जमा झाली, जानेवारी १९४६ मध्ये एका अमेरिकन सार्जंटच्या हाती गेली, आणि त्यानंतर तिचा पत्ता नाही. उलट, कागोशिमाच्या तेरुकुनी देवळातली कुनिमुनेची तलवार अमेरिकेत डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांच्या संग्रहात पोचली होती. ती कोणती हे ओळखल्यावर त्यांनी १९६३ साली एक पैसा न घेता देवळाला परत केली.

तो निवाडा जपानी कायद्यात अजून आहे. जुन्या विधीने घडवलेल्या पात्याची तिथे नोंदणी होते. कारखानी पात्याची होत नाही, आणि नोंदणीवाचून तलवार बाळगता येत नाही. म्हणजे सामुराईची असती तर ती घरी जाऊ शकली असती. साध्या कॅप्टनची, सेकीच्या कारखान्यातली, ती जाऊ शकत नाही. मुठीच्या आतला तो तांदळाएवढा ठसा पाहायचा तो भावासाठी नव्हे, यासाठी.

आजीने हे शांतपणे ऐकून घेतले. “मग पट्टीला तर अडवणूक नाही ना?”

पट्टीला नाही. जपानी बाईंनी त्या गावच्या नगर कचेरीला पत्र लिहिले आहे. सोबत पट्टीचे छायाचित्र. उत्तर अजून आलेले नाही. पट्टी पाकिटात जपून ठेवली आहे. निकेलचा बेत रहित झाला, आणि यंदाच्या खंडेनवमीला जास्तीचे फूल त्या आडनावाने वाहिले गेले, असे नातवाने मला आवर्जून कळवले.

तेव्हा वाचकहो, साफसफाईत अशी तलवार निघालीच, तर एवढे करा. चिंच आणि काथ्या दूर ठेवा. शेपटीचा गंज मुळीच खरवडू नका. खुंटी निघत नसेल तर बळ करू नका, जाणत्याला बोलवा. म्यानाला, कडीला, गोंड्याला बांधलेले कापड, कागद, लाकूड, काहीही तोडू नका, आधी छायाचित्र काढा. तलवार घरात ठेवण्याचे नियम जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पाते शंभर वर्षांहून जुने ठरले, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते परस्पर देशाबाहेर धाडता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि घरात कोणी वडीलधारे असेल, तर तलवारीची कथा त्यांच्याकडून एकदा लिहून घ्या. पट्टीशी ती जुळली तर उत्तमच, नाही जुळली तरी लिहून घ्या.

एखादी पट्टी सापडली तर मला जरूर कळवा. मी येईन. फराळाचे ताट पुढे आले तर नको म्हणायची माझी पद्धत नाही.